मागत राहणे आणि आभार मानणे : ख्रिस्ती प्रार्थनेतील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

कॅथलिक चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात लूककृत शुभवर्तमानातले तीन उतारे लागोपाठ तीन रविवारी येतात. २०२५ साली ते १२, १९ आणि २६ ऑक्टोबरला आले. पहिल्या उताऱ्यात दहा कुष्ठरोगी बरे होतात, पण येशूचे आभार मानायला एकटाच परत येतो, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. दुसऱ्यात एक विधवा देवाला न भिणाऱ्या आणि माणसांची पर्वा न करणाऱ्या न्यायाधीशाच्या दारी खेटे घालते आणि अखेर त्याला न्याय द्यायला लावते. तिसऱ्यात मंदिरात धर्मनियम काटेकोर पाळणारा परुशी आणि पापी समजला जाणारा जकातदार प्रार्थना करतात. परुशी आरंभच देवाचे आभार मानून करतो, आणि नेमकी त्याचीच प्रार्थना वाया जाते. मान खाली घालून केवळ दया मागणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो.

उपदेशाला एकेक रविवार वेगळा घेतला की काही अडत नाही. एकदा कृतज्ञता, एकदा चिकाटी, एकदा नम्रता. तिन्ही शेजारी ठेवले की मात्र प्रश्न उभा राहतो. जो मागत राहतो त्याला आहे ती परिस्थिती मान्य नसते. जो आभार मानतो तो आहे ते देणगी म्हणून घेतो. या दोन वृत्ती एकाच माणसाच्या एकाच प्रार्थनेत कशा नांदणार? आभार मानले की मागणे संपते, की आभारामुळेच मागायचा धीर येतो? आणि परुश्यासारखे आभार मानण्यापेक्षा न मानलेलेच बरे, असेही कधी असते काय? ख्रिस्ती विचारात या प्रश्नांवर दीड हजारांहून अधिक वर्षे चर्चा चालू आहे. आज ती कुठवर आली आहे, ते इथे पाहायचे आहे.

शास्त्रातला पाया

या विषयावर पवित्र शास्त्र एकाच सुरात बोलत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू बजावतो की परराष्ट्रीयांसारखी वटवट करू नका, तुम्हाला कशाची गरज आहे हे तुमच्या पित्याला मागण्याआधीच ठाऊक आहे. आणि तोच येशू गेथशेमाने बागेत तीन वेळा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, असे मत्तयच पुढे सांगतो. पौल आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी करतो. ‘माझी कृपा तुला पुरे’ अशा अर्थाचे उत्तर मिळते आणि तो थांबतो. त्याच पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, साधारण इ. स. ५० च्या सुमारास, निरंतर प्रार्थना करा आणि सर्व स्थितींत उपकारस्तुती करा, अशा दोन आज्ञा लागोपाठ दिल्या. फिलिप्पैकरांच्या पत्रात त्याने दोन्ही एकत्र गुंफल्या : मागणे करायचे ते आभारासह.

मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राचा दृष्टांत (लूक ११) चिकाटीचा म्हणूनच शिकवला जातो. केनेथ बेली या अभ्यासकाने १९७६ साली त्याला वेगळे वळण दिले. मध्यपूर्वेतल्या खेड्यांचे रीतिरिवाज पुढे ठेवून त्याने असे मांडले की पाहुण्याचा पाहुणचार ही सगळ्या गावाच्या अब्रूची बाब होती. आतला माणूस उठतो तो बाहेरच्याच्या हट्टाला कंटाळून नव्हे, स्वतःची लाज राखायला. हे मान्य केले तर दृष्टांताचा रोख मागणाऱ्याच्या दमावरून देणाऱ्याच्या प्रतिष्ठेकडे वळतो. सर्वांना हे पटलेले नाही. दृष्टांतात तो माणूस एकदाच मागताना दिसतो, ही गोष्ट मात्र विरोधकांनाही नाकारता येत नाही.

विधवेच्या दृष्टांताचे तसे नाही. ती खरोखर पुन्हा पुन्हा येते, आणि शिष्यांनी सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये, हा गोष्टीचा हेतू लूक आधीच सांगून टाकतो. जुने भाष्यकार ‘मग कितीतरी अधिक’ या धर्तीवर अर्थ लावतात : असा निगरगट्ट न्यायाधीशही ऐकतो, तर देव का नाही ऐकणार? अलीकडचे अनेक वाचक, विशेषतः स्त्रीवादी आणि मुक्तिवादी परंपरेतले, निराळ्या जागी बोट ठेवतात. ही बाई भाकरी किंवा आरोग्य मागत नाही, न्याय मागते. तिची चिकाटी ही अन्याय झालेल्या माणसाची चिकाटी आहे, तिला भाविकपणाच्या कप्प्यात घालू नका, असे त्यांचे म्हणणे. मला हे वाचन मजकुराला अधिक धरून वाटते, कारण दृष्टांताखालच्या स्पष्टीकरणातही न्यायाचीच भाषा आहे.

या सगळ्याच्या मागे स्तोत्रसंहिता आहे. हर्मान गुंकेलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्तोत्रांची प्रकारवारी लावली, तेव्हा दीडशे स्तोत्रांत विलापगीतांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. यांपैकी बहुतेक गाऱ्हाण्याने सुरू होतात आणि मधेच वळण घेऊन स्तुतीत संपतात. तेराव्या स्तोत्रात तर सहा ओव्यांत हा सगळा प्रवास होतो. हे वळण येते कुठून? योआखिम बेग्रिखने १९३४ साली सुचवले की गाऱ्हाणे ऐकून याजक देवाचे आश्वासन ऐकवत असावा, ते आश्वासन मजकुरात उतरले नाही, त्यापुढचे आभार तेवढे उरले. काहींच्या मते हे वळण बोलणाऱ्याच्या मनातच घडते. पुरावा कोणाकडेच नाही. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर वळण येतच नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही शास्त्रात त्याला जागा आहे.

ठाऊकच आहे, तर मागायचे कशाला?

आरंभीच्या चर्चमधला विचारवंत ओरिजेन याने २३३ च्या सुमारास प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच हा आक्षेप त्याच्यापुढे मांडला गेला होता. देव सर्वज्ञ आहे, त्याचे ठरलेले आहे, मग मागण्यात अर्थ काय? त्याच ग्रंथात ‘निरंतर प्रार्थना करा’ या आज्ञेबद्दल ओरिजेनने दिलेले एक उत्तर पुढे फार चालले : संतांचे सारे आयुष्य हीच एक मोठी प्रार्थना, आणि आपण जिला प्रार्थना म्हणतो ती त्या प्रार्थनेचा एक भाग.

मागायचे कशाला, यावर सर्वांत प्रभावी ठरले ते उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याचे उत्तर. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर प्रोबा नावाची धनाढ्य विधवा आफ्रिकेत येऊन राहिली. प्रार्थना कशी करावी, असे तिने विचारले, आणि ४१२ च्या आसपास ऑगस्टिनने तिला लांबलचक पत्र लिहिले. त्याचा मुद्दा असा, की देवाला माहिती पुरवण्यासाठी मागायचे नसते. मागता मागता आपली इच्छा ताणली जाते, रुंदावते, आणि देव जे देऊ पाहतो ते मावण्याइतकी जागा आत होते. म्हणजे चिकाटीचा परिणाम देवावर नव्हे, मागणाऱ्यावर. हे लिहिणारा माणूस स्वतःच एका चिवट प्रार्थनेचे फळ होता. मुलाच्या परिवर्तनासाठी आई मोनिकाने वर्षानुवर्षे रडून केलेली विनवणी त्याच्या आत्मनिवेदनात सविस्तर आली आहे. तो कार्थेज सोडून रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर प्रार्थना करत होती आणि तो तिला फसवून जहाजात बसला. देवाने तिची त्या रात्रीची मागणी नाकारली ती तिची कायमची मागणी पुरी करण्यासाठी, असा त्याने पुढे याचा अर्थ लावला. हे सुंदर आहे, पण हा अर्थ ज्याची मागणी शेवटी पुरी झाली त्यालाच लावता येतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात हाच धागा तर्काच्या भाषेत आणला. देवाचे नियोजन बदलण्यासाठी आपण प्रार्थना करत नाही. जे प्रार्थनेद्वारे घडावे असे त्याने योजले आहे, ते मिळावे म्हणून करतो. पुढे धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मधले सर्वांत मोठे प्रकरण प्रार्थनेवरच आहे.

‘निरंतर’ ही आज्ञा शब्दशः घेणारेही निघाले. चौथ्या शतकातले मेस्सालियन लोक प्रार्थनेपायी काम सोडून बसत म्हणून चर्चने त्यांना दोषी ठरवले. कार्थेजच्या अशाच काही संन्याशांना उद्देशून ऑगस्टिनने ‘संन्याशांचे श्रम’ या विषयावर पुस्तक लिहिले. पूर्वेकडच्या चर्चने यावर येशूच्या नामजपाचा मार्ग काढला. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन यात्रेकरूच्या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवातच पौलाच्या त्या आज्ञेने होते. नामस्मरण रोजच्या जगण्यात असलेल्या मराठी वाचकाला त्यात अनोळखी काही वाटणार नाही.

कृतज्ञतेची परंपरा ग्रंथांपेक्षा उपासनेत अधिक घडली. मिस्साची मध्यवर्ती प्रार्थना उपकारस्तुतीची आहे. जिवंतांसाठी आणि मृतांसाठी करायच्या मागण्या तिच्या पोटात येतात. चौकट आभाराची, मागणे आतले, असा हा क्रम. इग्नाशियस लोयोलाने रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी आभाराचीच ठेवली, पापांची यादी त्यानंतर.

मागणे हे बालिशपण?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वारे फिरले. कांटला देवाकडे काही मागणे भ्रमाचे वाटे. श्लायरमाखरच्या मते प्रार्थनेने देवावर परिणाम होतो ही समजूत टाकून द्यायला हवी. सुशिक्षित प्रोटेस्टंट मनात एक पायरीवार रचना पक्की झाली : मागणे खालचे, आभार आणि शरणागती वरची. फ्रीडरिख हायलरने १९१८ च्या आपल्या मोठ्या अभ्यासात तिला धक्का दिला. संदेष्ट्यांच्या वळणाची प्रार्थना ही देवाशी उघड झटणारी, मागणारी असते आणि ख्रिस्ती प्रार्थनेचा कणा तोच, असे त्याचे प्रतिपादन. कार्ल बार्थ आणखी पुढे गेला. त्याच्या मते प्रार्थना मुळातच याचना आहे. रिकाम्या हातांनी येणे हाच देवाचा खरा सन्मान.

तत्त्वज्ञांमध्ये वाद अजून चालू आहे. डी. झेड. फिलिप्सने १९६५ मध्ये मांडले की मागणे हे कार्यकारणाचे साधन नाही, जे होईल ते पेलण्याची ती भाषा आहे. एलिओनोर स्टम्पने १९७९ च्या निबंधात मैत्रीचा विचार पुढे आणला. न मागता सर्व काही देणाऱ्या सर्वशक्तिमानाशी मैत्री होऊच शकत नाही, माणूस एक तर दबून जातो नाहीतर लाडावतो. मागावे लागणे हे त्या नात्याचे संरक्षण आहे. १९९४ पासून ‘खुल्या ईश्वरवादा’चे पुरस्कर्ते तर म्हणतात की भविष्य देवासाठीही खुले आहे, आणि म्हणून प्रार्थनेने खरोखर फरक पडतो. पारंपरिक मताच्या लोकांना ही किंमत फार मोठी वाटते.

एकदा मागा, मग फक्त आभार?

सर्वसामान्य भाविकांत खरा वाद इथे आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने (१८०५–१८९८) अनाथाश्रम चालवताना कुणापुढे हात पसरला नाही. काय मागितले, केव्हा मिळाले, याच्या नोंदी ठेवल्या आणि काही माणसांच्या परिवर्तनासाठी कित्येक दशके रोज प्रार्थना केली. पंडिता रमाबाईंनी त्याचे चरित्र वाचले होते. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जानेवारीत त्यांनी आत्मिक जागृतीसाठी रोज एकत्र प्रार्थना करायचे आवाहन केले, तेव्हा सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनअखेर तिथली प्रसिद्ध जागृती सुरू झाली, तोवर दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेल्याची नोंद आहे. दुष्काळातून आणलेल्या मुली, दळण, शेती, छापखाना आणि त्यातच या प्रार्थना. मागणे पुरे झाल्याचे हे मोठे उदाहरण. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, आणि १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. त्यांनी केलेले बायबलचे संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये छापून आले. त्यांच्यावरच्या भक्तिपर लेखनात १९०५ वर जेवढे लिहिले गेले त्याच्या पासंगालाही १९२१ पुरत नाही.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतली ‘विश्वासाच्या शब्दा’ची चळवळ आहे. केनेथ हेगिन (१९१७–२००३) हे तिच्यातले प्रमुख नाव. मार्काच्या अकराव्या अध्यायातले, मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा, हे वचन तिचा आधार. एकदा विश्वासाने मागितले की पुढे आभारच मानायचे. पुन्हा मागणे म्हणजे पहिल्या मागणीवर अविश्वास दाखवणे. तिचे समर्थक लाजराच्या कबरेचा दाखला देतात : मृत बाहेर येण्याआधीच येशूने पित्याचे आभार मानले होते. हा दाखला उडवून लावण्यासारखा नाही. पण मग विधवेचे काय करायचे? शिवाय आजार हटला नाही तर दोष रोग्याच्या विश्वासावर येतो, ही टीका खुद्द पेंटेकोस्टल पाळकांनीही केली आहे. या शिकवणीने कृतज्ञतेला साधन बनवले आणि चिकाटीला संशयित ठरवले, असे मला वाटते. निष्ठेने हे पाळणाऱ्यांना ते तसे वाटत नाही, हेही खरे.

सगळ्याबद्दल आभार?

कॉरी टेन बूमच्या १९७१ च्या आत्मकथनातला प्रसंग उपदेशांत शेकडो वेळा सांगितला गेला आहे. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत अठ्ठाविसाव्या बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता. बहीण बेत्सीने पिसवांबद्दलही देवाचे आभार मानायला लावले, तेव्हा कॉरीला ते पटले नाही. पिसवांमुळेच पहारेकरीण बराकीत पाय ठेवत नव्हती आणि म्हणून बायकांना शास्त्र वाचता येत होते, हे नंतर कळले. मर्लिन कॅरॉदर्सने १९७० च्या पुस्तकात याच धर्तीची शिकवण सर्रास लागू केली : जे काही घडेल, वाईटसुद्धा, त्याबद्दल स्तुती करा.

दुसरी बाजू वॉल्टर ब्रुगमनने १९८६ च्या निबंधात मांडली. उपासनेतून विलाप हद्दपार झाला की उरते ती होयबांची स्तुती. तिथे देवाला जाब विचारता येत नाही, आणि ज्याला देवाला जाब विचारता येत नाही तो सत्तेलाही विचारत नाही. नवऱ्याच्या माराबद्दल बाईने आभार मानावेत काय, हा प्रश्न विचारला की ‘सगळ्याबद्दल’ची शिकवण अडखळते. बेत्सीने आभार मानले ते स्वतःच्या बराकीत, स्वतःहून. बाहेरच्या कोणी तिला ते मानायला सांगितले असते तर त्या शब्दांचा अर्थच बदलला असता. परुश्याच्या प्रार्थनेतली खोटही याच जातीची दिसते : त्याचे आभार दुसऱ्याच्या दैन्यावर उभे आहेत. मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रेही इथे आठवतात. सुमारे अर्धशतक त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवली नाही, आणि त्या प्रार्थना करत राहिल्या.

आपल्याकडे

वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत रस्त्याच्या कडेला मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात : हात, पाय, तान्ही बाळे, घरे. दुखरा पाय बरा व्हावा म्हणून एक बाई मेणाचा पाय घेते. बरा झाला म्हणून शेजारची दुसरी तसाच पाय घेते. दुकानदाराला दोघींत फरक दिसत नाही. नवस बोलणे आणि नवस फेडणे एकाच वस्तूने होते, आणि घेणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारी चालणाऱ्या नोव्हेना या प्रार्थनाक्रमात मागण्यांची पत्रे येतात तशी आभाराचीही येतात. हा देवाशी सौदा आहे, अशी टीका जुनी आहे आणि प्रोटेस्टंटांपुरती नाही, कॅथलिक धर्मगुरूही सावध करतात. दुसरी बाजू अशी, की गरीब माणूस आभार शब्दांत मांडत बसत नाही, काहीतरी हातात घेऊन येतो. दहांतल्या त्या एकासारखा निदान परत तरी येतो.

प्रोटेस्टंट बाजूला ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या रूपाने वारकऱ्यांची आळवणी मंडळीत आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. देवाशी भांडायची मुभा अभंगाला जन्मापासून आहे. ब्रुगमन ज्या विलापाबद्दल हळहळतो त्याचे सूर मराठी ख्रिस्ती गायनात असे आधीच तयार होते.

मोजमापाचा प्रयत्न

फ्रान्सिस गॉल्टनने १८७२ मध्ये दाखवले की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी सारे राष्ट्र प्रार्थना करते ते राजघराण्यातले लोक इतर सुखवस्तूंपेक्षा जास्त जगत नाहीत. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण ५२ (ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली) आणि ५१ टक्के (ज्यांच्यासाठी झाली नाही) आले, तर आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे माहीत असलेल्यांत ५९. कॉक्रेनच्या २००९ च्या समीक्षेने तर अशा आणखी चाचण्यांवर खर्च करू नये असेच सुचवले. धर्मशास्त्रज्ञांचा प्रतिवाद असा, की अनोळखी माणसाने, केवळ नाव आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन, चौदा दिवस म्हटलेले ठरावीक वाक्य म्हणजे मोनिकाची प्रार्थना नव्हे. प्रतिवाद योग्य आहे. पण त्यामुळे दावा तपासाच्या कक्षेबाहेर जातो, ही अडचणही त्याच्याच पदरी पडते.

कृतज्ञतेची बाजू प्रयोगांना अधिक मानवली. एमन्स आणि मॅकलो यांनी २००३ मध्ये लोकांना ज्याबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या आणि त्यांची मनःस्थिती सुधारल्याचे नोंदवले. पुढच्या एकत्रित विश्लेषणांत हा परिणाम बेताचाच निघाला. शिवाय वहीतल्या या आभारांना पत्ता नाही. ते कोणाचे मानले, हा ख्रिस्ती प्रार्थनेतला पहिला प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

काय उरले आहे

थांबायचे केव्हा, याला नियम सापडलेला नाही. पौल तीन वेळांनंतर थांबला, मोनिका थांबली नाही, आणि परंपरा दोघांनाही आदर्श मानते. आभार आधी की मागणे आधी, यावर उपासनेचा क्रम एक सांगतो आणि स्तोत्रे दुसरे. माझा कल स्तोत्रांकडे आहे : गाऱ्हाणे पुरते मांडल्यावर आलेले आभार जास्त विश्वासार्ह वाटतात. ‘सर्व स्थितींत’ आणि ‘सगळ्याबद्दल’ यांतले अंतर मात्र बहुतेक गंभीर लेखकांनी आता मान्य केले आहे. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल त्याला आभार मानायला लावणारी शिकवण अभ्यासकांत मागे पडली आहे, व्यासपीठांवरून नाही.

सर्वांत मोठी उणीव आपल्याच दारात आहे. मराठी मंडळ्यांत साक्ष द्यायची रीत जुनी आहे, पण साक्ष दिली जाते ती मिळालेल्या उत्तरांची. वीस वर्षे मागून न मिळालेले माणूस उभा राहून बोलत नाही. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या आणि पुढे टिळकांनी ज्याच्या मराठी विभागाचे संपादन केले त्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, मुक्तिसदनाची वृत्ते, माहीमसारख्या ठिकाणची पत्रे हा सारा ऐवज या प्रश्नासाठी चाळायला हवा : कोणी काय मागितले, किती वर्षे मागितले, कोणी आभार मानले आणि कोण पुन्हा दिसलेच नाही. धर्मशास्त्राच्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने प्रबंधाला हा विषय घ्यावा.